एचपीव्हीची तपासणी: कोणती टेस्ट चांगली, आणि 'पॉझिटिव्ह' आलं तर घाबरायचं का?

मागे एकदा शाळेत पालकसभा झाली. सगळे गेले, एक आई मात्र थांबली. वर्गात कुणी नाही असं बघून तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "आपा, तुम्हाला इंग्रजी येतं, एवढं वाचून सांगा ना. घरी अजून कुणाला दाखवलं नाही." लॅबचा रिपोर्ट होता. त्यावर लिहिलं होतं, 'एचपीव्ही हाय रिस्क: डिटेक्टेड'.

तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, "मला कॅन्सर झाला का?" दुसरा विचारताना आवाज खाली गेला. "हा मरज मियाँ-बिवीच्या संबंधातून येतो म्हणतात. मग घरी काय सांगू?"

मी डॉक्टर नाही, विज्ञान शिकवते. त्या दिवशी तिला एवढंच म्हणाले की कॅन्सरचा रिपोर्ट असा नसतो, आपण लेडी डॉक्टरकडे सोबत जाऊ. आम्ही गेलो. तिथे जे कळलं आणि त्यानंतर जे वाचलं, ते इथे सोप्या भाषेत मांडते आहे. कारण असा कागद लपवून ठेवणारी ती एकटी नसेल.

मरज काय आहे?

गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, तोंडाला होणारा हा कॅन्सर आहे. भारतात स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना तो होतो आणि जवळपास 80 हजार जणी त्याने दगावतात. यातल्या बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

याचं कारण एक विषाणू आहे, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हराल्ड झुर हाउजन यांनी 1983-84 मध्ये या कॅन्सरच्या गाठींत त्याचे 16 आणि 18 नंबरचे प्रकार शोधून दाखवले. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळेच सुमारे 70 टक्के केसेस होतात.

हा विषाणू फार सामान्य आहे. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. थोड्या जणींमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात आणि कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 20 वर्षं लागतात. म्हणजे पकडायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो. कोणती टेस्ट लवकर आणि खात्रीने पकडते, एवढाच प्रश्न उरतो.

"आपल्यात हा होत नाही" असं म्हणतात ते

आपल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. खतना झालेल्या पुरुषांमध्ये एचपीव्हीचं प्रमाण कमी आढळतं आणि त्यामुळे पत्नीचा धोकाही काही प्रमाणात कमी होऊ शकतो, असं 2002 साली पाच देशांतल्या माहितीवरून मांडलं गेलं. भारतातल्या नोंदींतही मुस्लिम स्त्रियांमध्ये हा कॅन्सर तुलनेने कमी दिसतो.

पण कमी असणं आणि नसणं यात फरक आहे. इंडोनेशिया आणि बांगलादेश हे मुस्लिमबहुल देश आहेत. दोन्हीकडे स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. "आपल्यात होत नाही" म्हणून तपासणी टाळली, तर ज्या बहिणीला तो होईल तिला शेवटच्या टप्प्यात कळेल.

तीन टेस्ट, तीन पद्धती

पहिली, सिरक्याची टेस्ट. दवाखान्यात तिला 'व्हाया' म्हणतात. पिशवीच्या तोंडावर 3 ते 5 टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात. हेच ॲसिड आपल्या स्वयंपाकघरातल्या सिरक्यात असतं. मिनिटभर थांबून साध्या डोळ्यांनी बघतात. बिघडलेली जागा पांढरी पडते. लॅब लागत नाही, उत्तर लगेच मिळतं, प्रशिक्षित नर्सही करू शकते. सरकारच्या कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा हीच तपासणी ठरवलेली आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरून घेतात, त्याची पुढची पायरी ती हीच. अडचण अशी की सगळं बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. साध्या सुजेनेही जागा पांढरी दिसू शकते. शिवाय पाळी गेल्यावर तपासायची जागा आत सरकते, म्हणून पन्नाशीपुढे या टेस्टचा भरवसा कमी होतो.

दुसरी, पॅप टेस्ट. जॉर्ज पापानिकोलाऊ या डॉक्टरांच्या नावावरून तिला पॅप म्हणतात. छोट्या ब्रशने किंवा लाकडी पट्टीने पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेतात, काचपट्टीवर पसरवतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात. श्रीमंत देशांत याच टेस्टने हा कॅन्सर खूप खाली आणला. पण तिथे ती दर तीन वर्षांनी, नेमाने, पुन्हा पुन्हा होते. नमुना नीट आला नाही किंवा वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलं, तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि बाई निर्धास्त राहते.

तिसरी, एचपीव्ही टेस्ट. नमुना जवळपास तसाच घेतात, पण मशीन पेशी बघत नाही, विषाणूचा अंश शोधते. बघणाऱ्याच्या नजरेचा प्रश्नच येत नाही.

आपल्या यवतमाळात कापूस पिकवणाऱ्या घरांना हा फरक चटकन कळेल. बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात पतंग दिसले म्हणजे पीक गेलं असं नसतं, पण शेतात उतरून बोंडं फोडून बघायची वेळ आलेली असते. एचपीव्ही टेस्ट म्हणजे सापळा. पॅप आणि व्हाया म्हणजे बोंड किडलं का ते बघणं. सापळा लवकर सांगतो, आणि कधी कधी विनाकारणही धास्ती देतो.

आकड्यांत बघू. कॅनडात एकाच स्त्रियांवर दोन्ही टेस्ट करून 2007 मध्ये निकाल जाहीर झाला. ज्यांच्या पेशी खरोखर गंभीर बिघडल्या होत्या, अशा 100 जणींपैकी एचपीव्ही टेस्टने सुमारे 95 पकडल्या, पॅपने सुमारे 55. उलट, ज्यांना काहीच नव्हतं अशा 100 जणींपैकी एचपीव्हीने 6 जणींना विनाकारण बोलावलं, पॅपने 3 जणींना. म्हणजे एचपीव्ही टेस्टच्या हातून केस कमी सुटते, पण खोटी घंटाही थोडी जास्त वाजते.

आपल्याच मराठी बायांनी दिलेलं उत्तर

कोणी म्हणेल, कॅनडाचं आम्हाला काय? पण या प्रश्नावरचा जगातला एक फार महत्त्वाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. तो झाला उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने हे त्यातले प्रमुख होते.

1999 मध्ये काम सुरू झालं. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 स्त्रिया, खेड्यापाड्यांतल्या, बहुतेकींची आधी कधीच अशी तपासणी झालेली नव्हती. गावांचे चार गट केले. एका गटाला एकदाच एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याला एकदाच पॅप, तिसऱ्याला एकदाच व्हाया. चौथ्या गटाला माहिती दिली आणि नेहमीच्या सरकारी सोयींवर सोडलं. मग आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं.

सुरुवातीचे निकाल बघून कुणालाही वाटलं असतं की तिन्ही सारख्याच. गंभीर बिघाड व्हायाने 0.7 टक्के, पॅपने 1 टक्का आणि एचपीव्हीने 0.9 टक्के स्त्रियांमध्ये सापडला. खरा फरक वर्षं गेल्यावर दिसला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने 64 जणी गेल्या, एचपीव्हीच्या गटात 34. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. पुढच्या टप्प्यात गेलेला कॅन्सर तिकडे 82 जणींना, इकडे 39 जणींना. पॅप आणि व्हायाच्या गटांत मृत्यूंमध्ये भरवशाने सांगता येईल अशी घट दिसली नाही. आणि ज्यांची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली होती, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही.

त्या शेवटच्या वाक्यात या टेस्टची सगळी किंमत आहे. निगेटिव्ह आली तर पुढची काही वर्षं निवांत राहता येतं. आयुष्यात एकदाच दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बाईसाठी हे फार मोठं आहे.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती सांगितली पाहिजे. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा सवाल देशात आणि बाहेरही विचारला गेला. त्या 64 जणीही कुणाच्या अम्मी, कुणाच्या आई होत्या. त्यांच्यामुळे जे कळलं ते वापरायचं नाही, याला काही अर्थ नाही.

मग व्हाया बेकार आहे का?

अजिबात नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून दुसरा अभ्यास केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री त्याचे प्रमुख. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, त्यातल्या निम्म्यांना व्हाया. पण एकदाच नाही, दर दोन वर्षांनी, चार वेळा. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. बारा वर्षांनी हिशोब केला तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की गोष्ट साफ होते. व्हाया आणि पॅप पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. एचपीव्ही टेस्ट एकदा झाली तरी मोठं काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हेच सांगितलं: शक्य असेल तिथे एचपीव्हीची डीएनए टेस्ट आधी करा, वयाच्या 30 पासून, दर 5 ते 10 वर्षांनी. ती मिळत नसेल तर व्हाया किंवा पॅप दर 3 वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी 25 पासूनच, दर 3 ते 5 वर्षांनी.

म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात फक्त व्हाया होत असेल, तर "चांगली टेस्ट आली की करू" म्हणून थांबू नका. आज मिळते ती आज करून घ्या.

एचपीव्ही टेस्टमध्येही प्रकार आहेत

लॅबवाले वेगवेगळी नावं सांगतात आणि माणूस गोंधळतो. तीन गोष्टी विचारल्या तरी पुरे.

एक, टेस्ट प्रकार वेगळे करून सांगते का? धाराशिवला वापरलेली 'हायब्रिड कॅप्चर' टेस्ट 13 धोक्याचे प्रकार एकत्र शोधायची, पण कोणता आहे ते सांगायची नाही. आताच्या पीसीआर पद्धतीच्या अनेक टेस्ट 16 आणि 18 वेगळे दाखवतात. 16 किंवा 18 आलं तर डॉक्टर पुढची तपासणी लगेच करतात, म्हणून ही माहिती कामाची आहे.

दोन, रिपोर्ट कधी मिळेल? मोठ्या लॅबच्या मशीनवर बरेच नमुने एकदम चालतात, त्यामुळे काही दिवस लागू शकतात. टीबीच्या तपासणीमुळे आपल्याला ओळखीची झालेली 'सीबीनॅट' मशीन आणि गोव्यात तयार होणारी 'ट्रूनॅट' यांवरही एचपीव्हीची टेस्ट होते आणि साधारण तासाभरात निकाल येतो. बाईला दुसऱ्यांदा बोलावावं लागलं तर ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. खेड्यातून एसटीने येणाऱ्या बाईसाठी हे महत्त्वाचं आहे.

तीन, नमुना स्वतः घेता येतो का? परद्यामुळे, लाजेमुळे तपासणी टाळणाऱ्या बहिणींनी हे नीट वाचावं. एचपीव्ही टेस्टसाठी बाई स्वतः, बंद खोलीत, मऊ ब्रश योनीमार्गात फिरवून नमुना घेऊ शकते. कुणासमोर झोपायची गरज नाही. पीसीआर पद्धतीच्या टेस्टमध्ये असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. जुन्या हायब्रिड कॅप्चरसारख्या पद्धतींत मात्र स्वतः घेतलेल्या नमुन्याची पकड थोडी कमी पडते. व्हाया आणि पॅपमध्ये ही सोय नाही. आपल्या आरोग्य केंद्रांत ही सोय यावी, अशी मागणी आपल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी करायला हरकत नाही.

पॉझिटिव्ह आलं, आता?

आता त्या आईच्या दोन प्रश्नांकडे येते.

पहिला प्रश्न. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. धाराशिवचाच हिशोब घ्या. दर 1,000 जणींत सुमारे 103 जणी पॉझिटिव्ह आल्या, आणि इलाज करावा असा गंभीर बिघाड त्यातल्या 9 जणींमध्ये सापडला. कॅन्सर त्याहूनही कमी. बाकीच्यांच्या शरीरात विषाणू होता, बिघाड नव्हता. म्हणूनच 30 वर्षांखालच्या मुलींमध्ये ही टेस्ट सहसा करत नाहीत. त्या वयात विषाणू येतो आणि जातो, उगाच धास्ती बसते.

पण 9 मध्ये आपण आहोत की उरलेल्या 94 मध्ये, हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पिशवीचं तोंड मोठं करून बघतात. शंका आली तर छोटासा तुकडा तपासायला पाठवतात. बिघाड निघाला तर तेवढीच जागा उष्णतेने किंवा थंडीने जाळतात, किंवा तारेच्या वळ्याने काढतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. पिशवी राहते.

हे मुद्दाम लिहिते. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला होता. नुसता एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट हे पिशवी काढायचं कारण नाही. कुणी लगेच ऑपरेशन सांगितलं तर शांतपणे विचारा, "कॉल्पोस्कोपी झाली का? तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे?" आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दुसरा प्रश्न, खाली आवाजातला. विषाणू कधी आला आणि कुणाकडून आला, हे कोणतीही टेस्ट सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप बसून असू शकतो. एकाच जोडीदारासोबत आयुष्य काढलेल्या बाईतही तो सापडतो. त्यामुळे या कागदावरून बायकोवर किंवा नवऱ्यावर शक घेणं म्हणजे टेस्टने न सांगितलेलं तिच्या तोंडी घालणं. घरातल्या पुरुषांना माझी विनंती आहे, हा रिपोर्ट आला तर सवाल-जवाब करू नका, गाडी काढा आणि सोबत चला.

आपण काय करायचं?

वय 30 च्या पुढे असेल आणि कधीच तपासणी झाली नसेल, तर आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य मंदिरात विचारा. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. पुढच्या इलाजासाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. कोणती टेस्ट कुठे आणि कोणत्या दिवशी होते ते जाण्याआधी विचारून घ्या. "लेडी डॉक्टर किंवा सिस्टर तपासतील का?" हेही बिनधास्त विचारा, त्यात गैर काही नाही. पाळीच्या दिवसांत तपासणीला जाऊ नका.

एक गोष्ट आपल्या बायकांना इतरांपेक्षा चांगली जमते. नमाजमुळे हैजचे दिवस आपण मोजतो, त्यापलीकडचं रक्त म्हणजे इस्तिहाजा हे ओळखतो. ही सवय इथेही कामाला आणा. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, वास येणारं पाणी जात असेल, तर फक्त मसला विचारून थांबू नका, डॉक्टरलाही दाखवा. अशा वेळी तपासणीची तारीख येण्याची वाट बघायची नसते.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' 2023 मध्ये आली. 9 ते 14 हे वय त्यासाठी सर्वांत चांगलं. पण लस घेतली म्हणून पुढे तपासणी सुटत नाही, आणि आपल्या वयाच्या बायकांसाठी तर तपासणी हाच मार्ग आहे.

त्या आईची कॉल्पोस्कोपी झाली. काही निघालं नाही. वर्षभराने पुन्हा या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आपा, कागद लपवून ठेवला ते तीन आठवडे मला झोप नव्हती." पुढच्या महिन्यात ती तिच्या नणंदेला घेऊन येणार आहे.